रविवारचा खिवार

माझ्या स्कॅनरचं झाकण बिजागरीसकट उचलून बाजूला ठेवता येतं. घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते कळून फारसा उपयोगही नाही. पण तीन-साडेतीनशे पानांचं पुस्तक काचेवर पालथं घालायचं तर झाकण आड येतं, पुस्तक एका बाजूने उचललं जातं, ओळी तिरक्या होतात, आणि तिरक्या ओळींतून संगणकाने काढलेलं मराठी ऐकवत नाही. झाकण काढलं, पुस्तक काचेच्या कडेला टेकवलं, वरून तळहाताने दाबून धरलं की निम्मं काम झालं. कमी पैशांत वाचनाची सोय लावताना मला उपयोगी पडलेल्या गोष्टी बहुतेक अशाच, माहितीपत्रकात न छापलेल्या.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. जन्मापासून दिसत नाही. ब्रेल शाळेत शिकले, संगणक नोकरी लागण्याच्या सुमारास. मराठी शिकवणारीला जे वाचावं लागतं ते ब्रेलमध्ये किंवा ऑडिओत मिळेलच असं नाही. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, तेव्हापासून इंटरनेटवरून पुस्तकं उतरवून घेता येतात आणि मी ती घेतेही. पण जगातलं कुठलंच ग्रंथालय ‘परवाच्या तासाला हवंय’ या गरजेला पुरं पडत नाही. शिवाय पुस्तकांपलीकडचा कागद असतोच. बँकेची पत्रं, औषधाची खोकी, परिपत्रकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका.

कित्येक वर्षं हे सगळं माणसांनी वाचून दाखवलं. शेजारच्या काकू संध्याकाळी यायच्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. फक्त मनाला येईल ते गाळायच्या. निसर्गवर्णन आलं की, “हे सगळं झाडाझुडपांचं आहे गं, पुढे जाऊ या.” दलित आत्मकथनात शिवी आली की त्यांना नेमका खोकला यायचा. मला दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच परिच्छेदावर बोलायचं असायचं. “काकू, काय लिहिलंय ते वाचा ना,” म्हटलं तर उत्तर ठरलेलं: “लिहिलंय काहीतरी घाण. तुला काय करायचंय?” त्यांच्यावर रागावणार तरी कसं? चहाही त्याच करून द्यायच्या. आणि बँकेचं पत्र त्यांच्याकडून वाचून घेतलं की माझी शिल्लक अख्ख्या आळीला ठाऊक व्हायची.

छापील पान वाचून दाखवणारं यंत्र म्हणजे काही कालचा शोध नव्हे. अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अंधांसाठी वाचनयंत्र आणलं. स्कॅनर, कुठल्याही टायपातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम आणि कृत्रिम आवाज, तिन्ही त्यात एकत्र. गायक स्टीव्ही वंडर त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. साध्या माणसाने मात्र त्याची किंमत विचारूही नये, अशी होती. पुढे ते अवजड यंत्र गेलं, नुसतं सॉफ्टवेअर राहिलं आणि भाव हजार डॉलरांच्या आसपास उतरला; पडदा वाचणाऱ्या स्क्रीन रीडरचे पैसे वेगळे. एका संस्थेत मी असं एक सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. इंग्रजी फर्डं वाचायचं. मग पिशवीतलं मराठी पुस्तक काचेवर ठेवलं, तर त्याने रोमन अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरची खूण यांची लांबलचक माळ मोठ्या उत्साहाने म्हणून दाखवली. देवनागरी त्याच्या गावीही नव्हती.

पुढे मला जे उमगलं ते हे, की मराठीपुरतं तरी महागडं मागे पडलं आणि फुकटचं पुढे गेलं. मराठी वाचणारी अंध गिऱ्हाइकं किती, हा विकणाऱ्याचा हिशेब. त्यात आम्ही बसत नाही. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कुठेतरी बसून आपल्या भाषेची फाइल घालू शकतो, आणि ती घातली गेली होती. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. तो फुकट आहे, आणि त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठी बोलतो. छापलेली अक्षरं ओळखण्याचं काम, म्हणजे ओसीआर, टेसरॅक्ट करतो. तो ह्यूलेट-पॅकार्डमध्ये ऐंशीच्या दशकात जन्मला, २००५ मध्ये सगळ्यांना खुला झाला, मग बरीच वर्षं गूगलने सांभाळला. २०१८ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, एकेक अक्षर सुटं ओळखण्याऐवजी अख्खी ओळ न्यूरल नेटवर्कने, म्हणजे नमुन्यांवरून शिकलेल्या प्रोग्रामने, वाचणारी. जोडाक्षरं, वेलांट्या आणि रफार यांनी गजबजलेल्या आपल्या लिपीला ही पद्धत मानवली.

स्कॅनर मी चार-पाच हजारांत मिळणारा घेतला, ए-फोरचा, चपटा, यूएसबीच्या वायरीवरच चालणारा. याची एक खोड आहे. काचेला अगदी चिकटलेला कागद तो नीट टिपतो. कागद जरा उचलला गेला की अक्षरं धूसर. म्हणजे पुस्तकाच्या शिवणीकडचे शब्द जातात, प्रत्येक ओळीतला पहिला किंवा शेवटचा. जुन्या पद्धतीचे जाडजूड स्कॅनर, दिवा आणि आरसे असलेले, याबाबतीत बरे असतात. भंगाराच्या भावात कुठे मिळाला तर घ्यावा, पण आपल्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला संगणकाशी जोडून देणारा प्रोग्राम, मिळतो का हे आधी बघून.

स्कॅन करायला नॅप्स-टू हा प्रोग्राम वापरते, तोही फुकट आणि कळफलकावरून पूर्ण चालणारा. रिझोल्यूशन ३००, म्हणजे इंचाला ३०० ठिपके; रंग करडा. काळा-पांढरा ठेवला की जुन्या पुस्तकांतल्या फिकट मात्रा आणि अनुस्वार साफ गळतात, आणि ‘त्यांनी’ची ‘त्यानी’ झाली की कर्ता एक की अनेक, हे आपण ठरवत बसायचं. ६००वर गेलं तर वेळ दुप्पट आणि फायदा जवळपास शून्य. त्याच प्रोग्राममधून टेसरॅक्टची मराठी फाइल उतरवून घेता येते. ती मराठीचीच घ्यावी. अनेकजण हिंदीवर भागवतात, लिपी तीच म्हणून. पण हिंदीच्या फाइलने वाचलं की ‘ळ’ जागेवर राहत नाही, ‘ऱ्या’चे हाल होतात, आणि आपल्याकडचे देठाचे ‘ल’ आणि गाठीचे ‘श’ तिला परके वाटतात.

आता ऐकायला कसं येतं ते. नव्या, चांगल्या कागदावरचं पुस्तक असेल तर पानात चार-दोन चुका, त्याही संदर्भाने कळणाऱ्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, खिळे जुळवून छापलेलं पुस्तक असेल तर गंमत सुरू होते. खिळ्याखिळ्यांच्या मध्ये शिरोरेषा तुटलेली असते, आणि शिरोरेषेतल्या फटी हाच तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातला फरक. त्यामुळे ‘थोडा’ योडा होतो, ‘धन’ घन होतं आणि एखाद्या शोकांतिकेत नायकाचं भरण होतं. सगळ्यांत खट्याळ अक्षर ‘ख’. जुन्या टायपात तो र आणि व शेजारी उभे केल्यासारखाच असतो, म्हणून आई मुलाला रवायला देते, मूल रवोडकर असतं आणि सगळे सुरवाने राहतात. संगणकावर हे एका फटक्यात बदलायचा मोह होतो: जिथे रव तिथे ख. पण मग रविवारचा खिवार होतो आणि रव्याचा लाडू खाण्याजोगा राहत नाही. म्हणून मी अख्खे शब्दच बदलते, ‘रवायला’चं ‘खायला’, ‘सुरवाने’चं ‘सुखाने’. अशी यादी हळूहळू वाढत जाते. एकाच छापखान्याची पुस्तकं एकाच तऱ्हेने चुकतात, त्यामुळे एक पुस्तक नीट केलं की त्या छापखान्याची पुढची सोपी जातात.

ई-स्पीकचा आवाज रुक्ष आहे, यात वाद नाही. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च त्याला एकच. पण तो भरभर बोलतो आणि अडखळत नाही. मी जो वेग लावते त्यात घरी आलेल्या पाहुण्यांना एक शब्द कळत नाही. एखादा शब्द खटकला की बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकते: घ, न. हं, धन असणार. काकूंच्या वेळी हे असं मागे जाऊन एकेक अक्षर ऐकणं शक्य नव्हतं. माणसाला किती वेळा ‘परत वाचा’ म्हणायचं?

पुस्तकासाठी स्कॅनर ठीक, पण पत्र, खोकं, पाकीट यांना फोन बरा. फोनवरची वाचणारी ॲप्स बहुतेक फुकट आहेत. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय २०१७ पासून भारतात आहे, अँड्रॉइडवर ते २०२३ मध्ये आलं. कागदाची कुठली कड कॅमेऱ्याबाहेर गेली हे ते बोलून सांगतं. तरीही एका हातात फोन हवेत धरून दुसऱ्या हाताने कागद सरळ करणं हे सर्कशीतलं काम आहे. म्हणून स्टँड करून घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे खिडक्या बसवलेल्या सुतारदादांना बोलावलं.

“चार पायांचा चौरंग करा दादा, पण वर मधोमध भोक.”

“भोक कशाला ताई?”

“त्यातून फोन खाली बघणार.”

दादांनी माझा फोन मागून घेतला, चौरंगाची मापं वहीत लिहिली, मग विचारलं, “आणि उंची?” ए-फोर कागदाची लांब बाजू २९.७ सेंटीमीटर. माझ्या फोनचा कॅमेरा साधारण तेवढ्याच अंतरावरून अख्खा कागद टिपतो, म्हणून उंची ३५ सांगितली, थोडी मोकळीक ठेवून. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत कागदाने चौकट पूर्ण भरली तर इंचाला सुमारे ३४० ठिपके मिळतात, म्हणजे स्कॅनरइतके. कागद दोन-तृतीयांशच भरला तर सव्वादोनशे, म्हणजे बारीक टाइपाला कमीच. खालच्या फळीवर दादांनी स्वतःच्या डोक्याने दोन बाजूंना काटकोनात पट्ट्या ठोकल्या. “कागद कोपऱ्यात सरकवायचा ताई, बघायलाच नको.” मी सांगितलेल्या सगळ्या मापांपेक्षा त्या दोन पट्ट्यांनी जास्त काम केलं. प्लायवूडचे उरलेले तुकडे होते, पैसे घ्यायला तयार नव्हते; बळंच दिले.

एक राहिलं, दिवा. माझ्या खोलीतला दिवा मला लागत नाही, त्यामुळे तो गेलाय की आहे हेही माहीत नसायचं. कॅमेऱ्याला लागतो. संध्याकाळनंतर पानं कोरी यायला लागली तेव्हा भावाने येऊन सांगितलं की ट्यूब केव्हाच गेलीय. आता उजेड किती आहे हे सुराच्या चढ-उताराने सांगणारी सोय फोनवरच आहे. फ्लॅश मात्र वापरू नये. गुळगुळीत कागदावर तो मधोमध चकाकतो आणि नेमकी तिथलीच चार वाक्यं नाहीशी होतात. दोन बाजूंनी दोन साधे टेबललॅम्प तिरके लावले की भागतं.

कागद नसलेली मराठी पानं हा आणखी वेगळाच तिढा. पीडीएफ येते, संगणकावर आहे, म्हणजे स्कॅन करायची गरज नाही असं कुणालाही वाटेल. उघडावी तर स्क्रीन रीडर म्हणतो: “अंडरस्कोर, ए, एम, कॅपिटल आर, ग्रेटर, आर.” याचा अर्थ ‘मराठी’. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या छपाईच्या (डीटीपी) फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अंडरस्कोरच्या घरात म, ए-च्या घरात र, एम-च्या घरात काना. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची भेळ असते. परिपत्रकं, पाठ्यसाहित्य, मासिकांच्या जुन्या फाइली, किती तरी मजकूर अजून या घरांत अडकलेला आहे. प्रत्येक फॉन्टची घरं निराळी, त्यामुळे परिवर्तक शोधत बसण्यापेक्षा सरळ मार्ग असा की पीडीएफच्या पानांची चित्रं करायची आणि ती टेसरॅक्टला द्यायची. छपाई स्वच्छ असल्याने निकाल फार छान येतो. आधी अक्षरांचं चित्र करून मग चित्राची अक्षरं करायची, हा द्राविडी प्राणायाम आहे खरा. विंडोजचं स्वतःचं ओसीआर एनव्हीडीएमधून एका कळीवर चालतं, पण इंग्रजीसाठी. मराठीला इथे त्याचा आधार नाही.

गूगल ड्राइव्हवर फोटो चढवून तो डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर मिळतो, आणि फाटक्या पानांवर तो टेसरॅक्टपेक्षा बरेचदा सरस असतो. पुस्तकांसाठी मी तो बिनदिक्कत वापरते. बँकेचं पत्र, रक्ताच्या तपासणीचा अहवाल असलं काही मात्र घरच्या संगणकावरच, इंटरनेट न लागणाऱ्या टेसरॅक्टने. आळीपासून लपवलेली शिल्लक परक्याच्या सर्व्हरवर कशाला ठेवायची?

अलीकडे एआयवाली ॲप्स आली आहेत. फोटो द्या, अस्खलित मजकूर घ्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हरखलेच. खिवार नाही, रवाणं नाही, सगळं गुळगुळीत. मग एक ग्रामीण कथा घातली, माझ्या शिकवण्यातली, म्हणून बऱ्यापैकी पाठ. पात्र म्हणतं, “म्या काय बी केलं न्हाई.” ॲपने वाचलं, “मी काहीही केलं नाही.” बोलीतलं वाक्य धुऊन, इस्त्री करून समोर. पुढे पानाच्या कोपऱ्यात डाग पडून गेलेली दीड ओळ होती. तिथे त्याने अर्थाला धरून दीड ओळ स्वतःच लिहून दिली. टेसरॅक्ट चुकतो तेव्हा ते कानाला टोचतं, मी थांबते, अक्षर तपासते. हे चुकतं तेव्हा कानाला गोड लागतं आणि मी पुढे जाते. काकू निदान खोकायच्या तरी. औषधाची एक्सपायरी आणि पावतीवरचा आकडा मी अशा ॲपच्या भरवशावर सोडत नाही. दोन वेगळ्या साधनांनी वाचून आकडे जुळले तरच मानते. वर्गात शिकवायचा उतारा तर नाहीच.

जाड पुस्तकांचा शेवटी दुसराच इलाज सापडला. पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे कागद कापायचं मोठं यंत्र आहे. त्याला नवीकोरी कादंबरी देऊन म्हटलं, “याची शिवण कापून द्या.”

“अहो मॅडम, पुस्तक नवं आहे की!”

“म्हणूनच. पानं सुटी हवीत.”

त्याने दोनदा खात्री करून घेतली, तिसऱ्यांदा दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला साक्षीला धरलं आणि मग कापलं. सुट्या पानांचा गठ्ठा कॉलेजच्या ऑफिसमधल्या, कागद स्वतः ओढून घेणाऱ्या स्कॅनरवर घातला की दुपारच्या सुट्टीत पुस्तक होतं. नंतर तोच झेरॉक्सवाला स्पायरल मारून देतो. हे सगळं कायदेशीर आहे का, असं मला एका सहकाऱ्याने काळजीने विचारलं होतं. आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशी प्रत करायला आणि ती दुसऱ्या अपंग व्यक्तीला अभ्यासासाठी द्यायला मुभा आहे, नफा न कमावता. माझ्या नीट केलेल्या फाइली मी अकरावी-बारावीच्या दोन अंध मुलांना देते. त्यातला एक रवायलाच्या यादीत स्वतःची भर घालून मला परत पाठवतो.

जे जमत नाही तेही मोठं आहे. तक्ते वाचताना रांगा आणि रकाने एकमेकांत मिसळतात, त्यामुळे कागदावरचा जुना सातबारा म्हणजे नावं, गट नंबर आणि हेक्टर-आर यांचा काला. दिवाळी अंकात दोन रकाने आणि मधे घुसलेली जाहिरात असेल तर कथेतली नायिका रडता रडता गृहकर्जाचे दर सांगायला लागते. तिथे पान अर्धं अर्धं करून द्यावं लागतं. सुलेखनात छापलेल्या कविता जवळजवळ नाहीतच. आणि हस्ताक्षर. मुलांच्या उत्तरपत्रिका अजूनही मला कुणाकडून तरी वाचूनच घ्याव्या लागतात. त्यासाठी काकूंची नात येते, बीएला आहे. ती काहीच गाळत नाही, उलट प्रत्येक शुद्धलेखनाची चूक मोठ्याने ओरडून सांगते, आणि मार्क कमी पडले की पोरांच्या वतीने माझ्याशी भांडते.